खांबाला लागला

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही. बायकोजवळ नाही, मिलिंदजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ सोपं जाईल असं वाटलं होतं — जात नाहीये. तरी सांगणार आहे. आणि नीट सांगणार आहे, कारण मला सगळं स्वच्छ आठवतंय.

ऑकलंडच्या आमच्या मराठी मंडळींत मला 'अंपायरकाका' म्हणतात. गणपतीत रांगोळी स्पर्धा असली की परीक्षक मी. दोन घरांचं पार्किंगवरून बिनसलं की बोलावणं मला. "काका कुणाची बाजू घेत नाहीत हो." हे वाक्य ऐकलं की मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

या नावाचं मूळ ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये आहे. न्यूझीलंडमध्ये राहून हा खेळ बघणारे तसे वेडेच, कारण इथे रग्बीपुढे बाकी सगळे खेळ लिंबूटिंबू. पण ऑफिसातला माझा मित्र मिलिंद नागपूरहून आधी मेलबर्नला गेला, दोन वर्षं राहिला आणि इकडे येताना हे वेड घेऊन आला. दर सप्टेंबरात फायनलच्या शनिवारी आम्ही न्यू लिनला त्याच्या घरी जमतो. मॅच साडेचारला, पण सावजी मटणाचा वास तीनपासूनच गल्लीत. नियम मला त्यानेच शिकवले.

"भाऊ, क्रिकेटचंच मैदान समज. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून गेला तर गोल, सहा पॉइंट. बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, एक. आणि उंच खांबाला नुसता चाटून गेला ना, तरी एकच."

"चाटून गेला हे ठरवणार कोण?"

"खांबाशी उभा असतो ना एक जण. तो म्हणेल ते."

तो एक जण पुढे मी झालो. मिलिंदची मुलगी मित्रा मुलींच्या टीममधून खेळायची. आम्हाला मूल नाही. शाळा सुटली की ती आमच्याकडेच असायची, मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. इथे मुलांच्या खेळाला आईबापच राबतात — कुणी संत्री कापतं, कुणी रेषा आखतं. मला दोन पांढरे झेंडे मिळाले. दोन हंगाम मी खांबाशी उभा राहिलो. चांगला होतो मी त्या कामात. हे मुद्दाम सांगतोय, म्हणजे पुढे 'नजरचूक झाली असेल' असं तुम्ही म्हणायला नको.

नऊ वर्षं झाली. शेवटची मॅच, जिंकेल ती टीम आठवडाभर मेलबर्नला खेळायला जाणार. मित्रा पंधराची. महिनाभर तिने आमच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोन खांबांमधून चेंडू मारून बायकोच्या कुंड्या फोडल्या होत्या.

मॅच सुरू व्हायच्या आधी समोरच्या टीममधल्या एका मुलीचा बाप जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत माझ्यापाशी आला. हातात कॉफी, चेहरा हसरा. "तू त्या मुलीचा अंकल ना? स्वीट ॲज, झकास. म्हणजे आज आमचं काही खरं नाही." एवढंच. माझ्या खांद्यावर थाप मारून गेला. चांगला माणूस होता. त्याच्यावर मी काहीही ढकलणार नाही. पण ते वाक्य माझ्या अंगाला चिकटलं. आपल्या माणसाला झुकतं माप देतात ही माणसं — असं वाटलं का त्याला? इथल्या लोकांसमोर आपण धुतल्या तांदळासारखं दिसावं, ही हौस तुम्हाला ठाऊक असेल. मला ती भारी होती.

शेवटचं मिनिट. आमची टीम तीन गुणांनी मागे. चेंडू मित्राच्या हातात. तिने मारला. उंच, थोडा डावीकडे वळत — आणि माझ्या डोक्यावरून, दोन्ही उंच खांबांच्या आतून गेला. खांब आणि चेंडू यांच्यात वीतभर आकाश होतं. मी पाहिलं ते.

मैदानातला अंपायर धावत आला. "लागला?"

मला त्या क्षणी मिलिंद दिसला नाही, मित्रा दिसली नाही. कॉफीवाला दिसला.

"लागला," मी म्हणालो. "आवाज आला."

खांबाला चेंडू लागला की गोल अंपायरने त्या खांबावर हाताने थाप मारून दाखवायची, मग एक बोट. मी थाप मारली. एक बोट वर केलं. एक झेंडा हलवला. एक गुण. आम्ही दोन गुणांनी हरलो.

मित्रा धावत आली. "काका, इट डिडन्ट टच. काका, यू सॉ इट!"

आणि मी — इथेच मी नऊ वर्षं अडकलोय — सगळ्यांसमोर, मराठीत, तिला म्हणालो, "मित्रा, रडीचा डाव खेळायचा नाही."

हे मी कुणाला म्हणत होतो? मिलिंदने मला कधीतरी सांगितलं होतं, कॉलेजात त्याचा नंबर वर आला की लोक आधी आडनाव विचारायचे, मग 'अच्छा' म्हणायचे. म्हणून तो मुलीला सांगायचा, जे मिळवलं नाही त्यावर हात ठेवायचा नाही, कुणाला बोलायला जागाच द्यायची नाही. हे मला माहीत होतं. माहीत असून मी त्याच्या मुलीला, तिने मिळवलेल्या गोष्टीवरून, रडी म्हटलं.

त्याच संध्याकाळी मिलिंद तिला घेऊन आमच्या दारात. "सॉरी म्हण काकाला. काका खोटं बोलतो का?" ती सॉरी म्हणाली. खाली बघून, मराठीत म्हणाली — "चुकलं माझं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, होतं असं. बायकोने तिला शिरा दिला. खोटं बोलणं एका क्षणाचं होतं, असं एक वेळ म्हणता येईल. पण ती माफी मी सावकाश, घरात बसून, स्वीकारली.

पुढचे दोन हंगाम ती खेळली नाही. मी कारण विचारलं नाही.

आता ती चोवीसची आहे, फिजिओ आहे, आणि शनिवारी अवोन्डेलला मुलींना हाच खेळ शिकवते. गेल्या आठवड्यात बाजारातून भाजी घेऊन परतताना मी मैदानापाशी थांबलो. सामोअन, माओरी, गोऱ्या पाकेहा पोरी एकमेकींवर ओरडत होत्या, "नो रडीचा! नो रडीचा!" मी कुंपण धरून उभा राहिलो.

मित्रा हसत आली. "काका, दॅट्स यू! मी त्यांना माझी स्टोरी सांगते. हाऊ आय क्राइड ओव्हर अ फेअर कॉल, अँड माय काका पुट मी राइट." मग म्हणाली, "सॅटर्डेला फ्री आहेस? गोल अंपायर हवाय. तुझ्यासारखा."

मी हो म्हणालो.

शनिवारी जाणार आहे. झेंडे हातात घ्यायच्या आधी मिलिंदला आणि तिला समोर घेऊन सांगणार आहे. नंतर त्या पोरींनाही, कारण त्यांच्या तोंडी तो शब्द मी घातलाय. त्यावर कोण काय म्हणेल, हा माझा विषय राहत नाही.

चेंडू आतून गेला होता. त्या दिवशी त्या खांबाला लागला तो फक्त माझा हात.