दादानं टॉवेल टाकला त्याबद्दल

मला लिहिता फारसं येत नाही. चौथीत शाळा सुटली. बोलते तसं टाईप करतेय, चुकलं तर समजून घ्या.

माझा थोरला भाऊ मागच्या महिन्यात गेला. दादा न्हावी होता. एक खुर्ची, दोन आरसे, एवढंच दुकान. सकाळी गिऱ्हाईक ताटकळलं म्हणून शेजारच्या घड्याळवाल्यानं दार ढकललं, तर हा खुर्चीतच बसलेला. लग्न केलं नाही त्यानं. म्हणायचा, "दिवसभर लोकांची डोकी धरतो, घरी आणखी एक कशाला?"

रविवारी बॉक्सिंगच्या हॉलवर जायचा. पोरांच्या कोपऱ्यात उभा राहायचा, पाणी द्यायचा, रक्त आलं तर थांबवायचा. खांद्यावर दुकानातलाच पांढरा टॉवेल. तो आत फेकला की लढत संपली, आपला पोरगा हरला.

दोन राउंडच्या मधे एक मिनिट मिळतं. त्यात दादा बरा आहेस का असं कधी विचारायचा नाही. म्हणायचा, "बॉक्सर मेला तरी मान हलवून हो म्हणेल." तो घरातलं काहीतरी विचारायचा, दर वेळी वेगळं. बरोबर उत्तर आलं की म्हणायचा, ऊठ.

माझा पोरगा त्याच्याच हाताखाली तयार झाला. बाप नव्हता, मामाच सगळं. सहा वर्षांपूर्वी त्याची फायनल होती. जिंकला असता तर कारखान्याच्या संघात, म्हणजे पक्की नोकरी. मी तिसऱ्या रांगेत बसलेले. दोन राउंड झाले, आमचा पुढे होता. मधे एकदा डोक्यावर ठोसा बसला, गुडघा वाकला, पण लगेच सावरला. आणि तिसऱ्याची घंटा व्हायच्या आत दादानं टॉवेल टाकला.

शिट्ट्याच शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "ए न्हाव्या, कुणाची दाढी राहिली का रे?" पोरगा दोरावर डोकं ठेवून रडायला लागला. मी सगळ्यांसमोर उठून म्हणाले, "दादा, माझ्या पोराच्या पोटावर पाय दिलास तू!"

बाहेर गाठलं त्याला. "का टाकलास?"

"टाकावासा वाटला."

"वाटला? त्याच्या जन्माचं वाटोळं केलंस आणि म्हणे वाटला!"

तो टॉवेलची घडी घालत राहिला. मला वाटलं, मनात खोट आहे म्हणून सांगत नाही.

त्यानंतर मी बोलणं टाकलं. कामावर जायची वाट त्याच्याच दुकानावरून. मी पलीकडच्या बाजूनं जायचे. तो वस्तऱ्यासकट हात वर करायचा, मी खाली बघायचे. नंतर हात वर करायचा थांबला. नुसता बघायचा. हॉलवर त्याला टॉवेलशेठ म्हणायला लागले, कुणी कोपऱ्यात घेईना. पुढच्या वर्षी पोरगा जिंकला, नोकरी लागली, तरी मी गेले नाही. त्यानं आधी माफी मागावी, एवढंच डोक्यात.

दादा गेल्यावर पोरगा लांबून आला. आम्ही दुकान आवरत होतो. तो टॉवेलच्या घड्या घालता घालता थांबला.

"आई, मामाची चूक नव्हती."

"म्हणजे?"

"पहिल्या राउंडनंतर त्यानं विचारलं, तुझ्या आईच्या चपलेचा अंगठा कुठला तुटलाय. मी म्हणालो, डावा. दुसऱ्यानंतर विचारलं, माझ्या दुकानात आरसे किती. मी काय म्हणालो माहितेय? डावा. अगदी छातीठोक. मला तर आठवत पण नाही, मामानं नंतर आत कपडे बदलताना सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मीच त्याला तिथं शपथ घातली होती. बाहेर कळलं असतं तर पुढं खेळूच दिलं नसतं. मामा म्हणाला, डॉक्टरला डोकं दाखव, ते म्हणतील तितके दिवस ग्लोव्ह घालू नकोस, मग मी तोंड उघडणार नाही."

तीन महिने पोरगा घरात बसला होता. मी समजत होते, मामावर रुसलाय. त्या तीन महिन्यांत मी दादाला रोज शिव्या घातल्या, ह्याच्यासमोर घातल्या.

"अरे, मी सहा वर्षं त्याच्याशी बोलले नाही."

"मला वाटलं तू जाशील आपणहून. मग सांगायला उशीर होत गेला." मग हळूच म्हणाला, "आता कुणाला सांगू नकोस गं. हॉलवरची पोरं मला मानतात."

मी तेव्हा बरं म्हणाले. तो नोकरीवर परत गेला. मी संध्याकाळपर्यंत दादाच्या खुर्चीत बसून होते. दोन आरसे आहेत, एक पुढं, एक मागं. दोन्हीत मीच.

पण काल हॉलपाशी दोघं हसत होते, टॉवेलशेठ गेला म्हणून. म्हणून हे हॉलच्या ग्रुपवर टाकतेय. दादा भित्रा नव्हता. त्या दिवशी पोरगा काय बोलला ते त्याला एकट्याला ऐकू आलं होतं, आम्ही सगळे शिट्ट्या मारत होतो.

पोरगा हे वाचेल, चिडेल, फोन पण बंद करेल. करू दे. चिडायला धडधाकट आहे.