दादाच्या बोटीचा तळ

नौदलातून निवृत्त झाल्यावर माझा थोरला भाऊ गावी आला, तो एक जुनी शिडाची बोट ट्रकवर घालूनच. शिरूर तालुक्यातलं आमचं गाव घोड धरणाच्या पाण्याला लागून आहे. ऊस आणि कांदा पिकवणाऱ्या गावात शिडाची बोट बघायला सुरुवातीला जत्रा लोटली. मग लोकांना सवय झाली. मला झाली नाही. वहिनी गेल्यापासून दादा घरी एकटाच होता, तरी पाण्यावर जायचा आणि मी दौंडच्या रेल्वे कॉलनीतून फोनवर एकच घोषा लावायचे : बोट विक आणि माझ्याकडे राहायला ये. शेवटी तो माझे फोन उचलेना.

म्हणून त्या फेब्रुवारीत त्याचाच फोन आला तेव्हा मी घाबरले.

"चार दिवस येतेस का? दोन माणसांचं काम आहे."

न्हावऱ्याला एसटीतून उतरले, तर तो मोटारसायकल घेऊन उभा. वाटेत त्याने काम सांगितलं. बोटीच्या बुडाला आरपार भोक पाडून एक सेन्सर बसवलेला असतो. तो पाण्यात आवाज सोडतो, आवाज तळाला आपटून परत येतो आणि खाली किती पाणी आहे ते पडद्यावर दिसतं. तो बंद पडला होता. धरण उतरायला लागलं की बुडालेले बांध आणि बाभळीचे बुंधे पाण्याच्या अगदी जवळ येतात, वरून मात्र काही कळत नाही.

"म्हणजे सध्या न बघताच जातोस?"

"हळू जातो."

शेजारच्या चाचांनी ट्रॅक्टरने बोट काठावर ओढली आणि खाली लाकडी ठोकळे लावले. "ताई, ह्यो गडी ऐकायचा न्हाई," ते मला म्हणाले, "आम्ही बी सांगून थकलो." चाचा माझ्या बाजूचे निघाले म्हणून मला बरं वाटलं.

दादा आत उतरला आणि मी चटई टाकून बोटीखाली आडवी झाले. मी सुरीने सेन्सरच्या कडेचं वाळलेलं सीलंट कापत होते, तो आत पान्ह्याने नटाशी झगडत होता. नट हलेना. दादाच्या तोंडून नौदलातल्या शिव्या ऐकू आल्या, मग कडकन आवाज झाला आणि सेन्सर माझ्या छातीवर पडला. वर पाहिलं, तर भोकातून दादाचा डोळा दिसत होता.

"मागच्या वेळी तिथं तुझी वहिनी होती," तो म्हणाला.

"वहिनी? ती बोटीत यायची?"

"दर रविवारी. तुला सांगू नका म्हणायची. तू ओरडशील म्हणून."

मी भोकाची कड पॉलिशपेपरने घासत राहिले. वहिनी मला फोनवर दर रविवारची भाजी सांगायची, पाण्याचं अवाक्षर नाही. तिला माझी भीती वाटत होती की माझ्या काळजीचा कंटाळा आला होता, हे आता कुणाला विचारणार?

नव्या सेन्सरची वायर मी खालून आत सरकवली, कडेला सीलंट लावलं आणि तो तळव्याने वर दाबून धरला. "फिरू देऊ नकोस," म्हणत दादाने नट आवळला. पांढरं सीलंट सगळीकडून सारखं बाहेर आलं. ते मी बोटाने पुसून घेतलं.

ते पुरतं वाळू दिलं आणि मग बोट पाण्यात सोडली. आतली फळी काढून आम्ही दोघं नटाकडे बघत बसलो. एक थेंब जमला. दादाने नट जरासा आवळला, फडक्याने पुसला. बराच वेळ वाट पाहिली. पुन्हा थेंब आला नाही.

"उतरायचं असेल तर आत्ता उतर," तो म्हणाला. मी उतरले नाही.

शीड फुगलं तशी मी दोन्ही हातांनी बोटीचा काठ धरला. जरा स्थिरावल्यावर त्याने सुकाणू माझ्या हातात दिलं. पडद्यावर सहा मीटर होते, मग पाच, मग चार. काठ जवळ यायला लागला. दादा शिडाच्या दोरीकडेच बघत होता. तीन झाले तेव्हा मीच बोट वळवली.

पुढे मे महिन्यात पाणी फारच आटल्यावर तो आठ दिवस दौंडला येऊन राहिला. गाड्यांच्या आवाजाने झोप लागत नाही म्हणाला आणि परत गेला. मी त्याला डब्यात शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.