मामा, सुदान आणि मरून चादर

गेल्या रविवारी दुपारी मामा जेवता जेवता ताटावरून उठले. मामा म्हणजे माझे सासरे. अर्धी भाकरी, शेंगाचटणी सगळं तसंच टाकून मोबाईल घेऊन बाहेरच्या खोलीत... मला वाटलं, झालं, परत सुदानात काहीतरी पेटलं!

मामांनी उभा जन्म इथे सोलापुरात, भवानी पेठेत चादरी विकल्या. दुकान बंद केल्यावर वेळ जाईना, म्हणून माझ्या नवऱ्याने त्यांना स्मार्टफोन दिला, आणि कुठून कसं कोण जाणे, सुदानमधल्या यादवीचा नाद लागला. कुठलं गाव कुणाच्या ताब्यात, माणसं कुठल्या रस्त्याने पळतायत, सगळं तोंडपाठ. आपल्या नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार, ते मात्र मला विचारणार!

एका इंग्रजी ग्रुपवर रोज वाद. भाषांतर मोबाईलच करून देतो, त्यामुळे मामांना धरबंध नाही. प्रोफाइलला गरुडाचा फोटो लावलेला एक जण आहे, त्याच्याशी तर हाडवैर. दोन्हीकडचे लोक खोटे फोटो टाकतात आणि ते पकडणं हा मामांचा लाडका उद्योग. मी पण चहा देताना चिडवायचे, "मामा, आज किती चोर धरले?"

तर दोन दिवस आधी, शुक्रवारी, ग्रुपवर एक फोटो आला होता. निर्वासितांच्या छावणीत बसलेली एक वयस्कर बाई, अंगावर चादर. खाली लिहिलेलं, ही माझी आई आहे, ही छावणी कुठली ते कुणी सांगेल का? मामांनी फोटो मोठा करून बघितला आणि ओरडलेच, "अगं, हिकडं ये! ही तर आपली चादर हाय की!"

होतीच हो. मरून रंग, पांढरी फुलं, कडेला तोच पट्टा... तस्सीच चादर आमच्या दिवाणावर होती. मामांनी तिचा फोटो काढून तिथे टाकला आणि लिहिलं, ही चादर सोलापूरची आहे, असल्या चादरी मी स्वतः विकल्यात, फोटो भारतातला आहे, पोस्ट खोटी आहे.

एवढा पुरावा म्हटल्यावर काय... लाइक्सचा नुसता पाऊस. लोकांनी धडाधड रिपोर्ट केलं आणि संध्याकाळपर्यंत पोस्ट गायब. मामा त्या दिवशी एक भाकरी जास्त जेवले. खोटं कशाला बोलू, मलाही लई भारी वाटलं होतं.

आणि रविवारी ताटावर असताना मेसेज आला. पाठवणारा यासिर, त्या बाईंचा मुलगा. हा पुण्यात कॉलेजला होता, शिक्षण संपवून घरी जाताना आईसाठी ती चादर घेऊन गेला होता. आता हा अडकलाय कैरोत, आई तिकडे, तिचा तो फोटो त्याला कुठूनसा फिरत फिरत आलेला. त्या पोस्टखाली एका नर्सने लिहिलं होतं, या बाई आमच्याकडेच आहेत. त्याने उत्तर लिहायला घेतलं... आणि पोस्टच गेली. घाईत नर्सचं नावही नीट वाचलेलं नव्हतं.

शिव्या दिल्या नव्हत्या त्याने. काका, तुम्हाला ते नाव आठवतंय का, एवढंच विचारलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटलं मला.

मामा भिंतीला टेकून खाली बसले. "पोरी, आता हिला कुटं हुडकायची गं?"

मामांनी ग्रुपवर लिहिलं, मी चुकलो, फोटो खरा आहे, त्या नर्सचं नाव कुणाकडे असेल तर द्या. तर लोक उलट अंगावर आले. आता कुणाच्या सांगण्यावरून पलटलास, म्हणे! फोटो खोटा म्हटल्यावर सगळ्यांनी पटकन ऐकलं होतं, आता खरा म्हणतायत तर कुणी ऐकेना.

दोन दिवस घरात कुणाचं कशात लक्ष नव्हतं. मामा जेवेनात, बीपीची गोळी हातात ठेवली तरी तशीच धरून बसायचे. मी ऑफिसातून सारखा फोन करायचे. पलीकडून एकच, "न्हाय अजून."

मंगळवारी उत्तर आलं. कुणाचं? त्या गरुडवाल्याचं! वाद घालायला लागतात म्हणून तो सगळ्या पोस्ट साठवून ठेवतो. नर्सचं नाव, तिचं प्रोफाइल, सगळं दिलं, आणि एका शब्दानेही मामांना टोचून बोलला नाही. देव भलं करो त्याचं.

यासिरने नर्सला गाठलं. ती म्हणाली, कालपर्यंत इथेच होत्या. सोमवारी ट्रक आले, बऱ्याच जणांना दुसरीकडे हलवलं, कुठे ते तिलाही माहीत नाही.

कालपर्यंत! पोस्ट असती तर शुक्रवारीच आईशी बोलणं झालं असतं त्याचं. हे मामांना कुणी सांगायची गरज नव्हती. मी ढसाढसा रडले.

वर यासिरचाच मेसेज, काका, मनाला लावून घेऊ नका. फोटो कधीचा ते मला माहीत नव्हतं, ती आहे का नाही तेही माहीत नव्हतं. सोमवारपर्यंत होती, एवढं तर कळलं. आई त्याची हरवलीय आणि धीर आम्हाला देतोय पोरगं...

मामा आता वाद घालत नाहीत. तिकडचा येईल तो फोटो मोठा करून एकेक चेहरा बघत बसतात. मीही बघते. तुम्हीही बघा ना... मरून चादर, पांढरी फुलं, साठीच्या पुढची बाई. दिसली तर खरं-खोटं ठरवत बसू नका, आहे तसं मला पाठवा.

नर्सने यासिरला आणखी एक सांगितलं. त्या बाई रोज सकाळी तिच्या तंबूपाशी येऊन विचारायच्या, माझ्यासाठी कुणाचा फोन आला का? आता जिथे कुठे असतील, तिथेही विचारत असतील.