वटवाघळाचा कान

जामनेरकडच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात, पंचवीस वर्षं काढली. बाहेर पडलो तेव्हा कान अर्धे गेले होते. बारीक आवाज आधी गेले: चिमण्या, कुकरची शिट्टी. मग चारचौघांतलं बोलणं कळेना, तेव्हा लग्नकार्यांना जाणंच सोडलं. ऐकायचं मशीन घेतलं, पण लाजेपोटी ते कपाटात पडून राहिलं.

मागच्या दिवाळीनंतर पारोळ्याला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे गेलो. तिची मुलगी वटवाघळांचा अभ्यास करते. मामा, किल्ल्याकडे चला, त्यांचा आवाज ऐकवते, म्हणाली. मला शेजारच्या माणसाचं ऐकू येत नाही, असं मी सांगितलं. त्यावर ती हसून म्हणाली, त्यांचं कुणालाच ऐकू येत नाही.

दिवस मावळताना आम्ही खंदकाच्या कडेला बसलो. भाचीने माझ्या कानांवर हेडफोन चढवला. तिच्या हातातलं यंत्र तो अतिबारीक आवाज माणसाला ऐकू येईल इतका जाडा करतं. भिंतीच्या फटीतून वटवाघळं निघाली आणि मला स्पष्ट ऐकू आलं: टक, टक, टक. एखादं किड्याजवळ गेलं की टकटक दाट होत जाई आणि शेवटी कापड टरकावल्यासारखी वाजे. कित्येक वर्षांत इतकं स्वच्छ काही ऐकलं नव्हतं.

वटवाघूळ ओरडतं, आवाज किड्यावर आपटून परत येतो, त्यावरून किडा कुठे आणि किती लांब ते त्याला कळतं, असं तिने हेडफोन काढून कानाशी समजावलं. मी विचारलं, "एवढं ओरडून ते स्वतःच बहिरं कसं होत नाही?"

"ओरडायच्या ऐन वेळी कानातला एक बारीक स्नायू आवळला जातो, मामा. कान तेवढ्यापुरता मंद होतो. लगेच सैल पडतो आणि परत आलेला आवाज टिपतो."

मग मी तिला जिनिंगचं सगळं सांगितलं. दिवसभर कापसात वावरलो, पण त्याचा एक बोळा कानात घालावा असं सुचलं नाही. कपाटातल्या मशीनचंही सांगून टाकलं. तिने उपदेश केला नाही, पण घरी येताच आईच्या कानावर घातलं. जेवायला वाढता वाढता अक्काने विचारलं, "मशीन कोठे शे तुनं?" कपाटात आहे, म्हणालो.

माझ्या घरी परतल्यावर ते बाहेर काढून कानात घातलं. पहिले काही दिवस ताट-वाट्यांच्या आवाजानेही दचकायचो. आता सवय झाली आहे. गर्दीत अजून अडखळतो, तेव्हा सरळ पुन्हा सांगायला लावतो. उन्हाळ्यात भाचीचा साखरपुडा झाला. मी शेवटची पंगत उठेपर्यंत बसलो होतो, व्याह्यांशी गप्पा मारत.