सर चौदा वेळा, गोगलगायी अकरा वेळा

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या ह्या गृहस्थाला सगळे भिंगरी म्हणतात, आणि ते त्यालाही माहीत आहे. तो शिकवतो तेच मुळी फळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत. तास संपला की पहिल्या बाकावरची पोरं टेनिसचा सामना बघून आल्यासारखी माना चोळत बाहेर पडतात. चहा तो उभ्याने पितो, वर्तमानपत्र चालत वाचतो, आणि दाढी करताना काल अर्धवट राहिलेलं वाक्य आठवलं तर अर्ध्या गालावर फेस घेऊन बाहेर येतो, ते पूर्ण करतो आणि परत आत जातो. दंतवैद्याने एकदा त्याला खुर्चीत बसवलं, तर खुर्ची वरखाली कशी होते ते बघायला हा तोंड उघडं ठेवूनच खाली उतरला.

अशा माणसाने संशोधनाला प्राणी निवडला तो गोगलगाय. स्टाफरूममध्ये आम्ही ह्यावर यथेच्छ हसून घेतलं. पण तो नऊ वर्षं नेटाने त्यांच्या मागे राहिला. म्हणजे पुढेच राहिला असणार, पण राहिला.

काम तसं सरळ होतं. कॉलेजच्या मागच्या भिंतीला भेगा आहेत आणि त्या भेगांत गोगलगायी दिवसा झोपतात. भिंगरी त्यांच्या शंखांवर बायकोच्या नेलपॉलिशने ठिपका देऊन बारीक आकडा घालायचा, मग त्यांना बादलीत घालून मैदानाच्या पलीकडे नेऊन सोडायचा. त्यानंतर रोज पहाटे भिंतीशी जाऊन कोण परत आलं ते मोजायचा. नऊ वर्षांत चारशे बारा गोगलगायी नेल्या, त्यांतल्या दोनशे अडुसष्ट आपापल्या भेगेत परत आल्या. बायकोचं नेलपॉलिश किती गेलं हा आकडा मात्र त्याने कधी जाहीर केला नाही.

आता ह्यात स्फोटक काय होतं ते सांगतो. गोगलगाय चालते तिथे मागे एक चिकट, चमकणारी रेघ उमटते. ती आपल्याच रेघेवरून माग काढत घरी येते, रेघ नसेल तर येत नाही, असं तीस वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने सिद्ध केलं होतं. ते पाठ्यपुस्तकात गेलं. भिंगरी स्वतः दरवर्षी ते वर्गात शिकवत होता. पण बादलीतून गेलेल्या गोगलगायीची जमिनीवर रेघ कुठून असणार? तरी ती घरी येत होती. आणि तीस वर्षांपूर्वीचा तो प्राध्यापक म्हणजे भिंगरीचे सर. दोन गल्ल्या सोडून राहणारे, आता निवृत्त झालेले. भिंगरीला त्यांनीच शिकवलं, त्यांनीच नोकरीला लावलं. त्यांच्याकडे तो दर गुरुवारी संध्याकाळी न चुकता जायचा. ‘सध्या काय चाललंय?’ असं सरांनी विचारलं की तो सांगायचा, ‘मोजतोय, सर.’ नऊ वर्षं तो नुसता मोजत होता.

शेवटी त्याने बावीस पानांचा पेपर इंग्रजीत लिहिला आणि एका शास्त्रीय नियतकालिकाकडे धाडला. तीन महिन्यांनी दोन परीक्षकांचे शेरे आले. पहिल्याने लिहिलं होतं, ‘अकराव्या पानापर्यंत वाचलं. लेखकाला काय सापडलं ते कळलं नाही. लेखक अत्यंत सभ्य आहे.’ दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘लेखक जुन्याच निष्कर्षाला दुजोरा देतो आहे असं दिसतं. मग हे छापायचं कशाला?’ खाली संपादकांची ओळ होती: सहा आठवड्यांत नीट लिहून पाठवा, त्यानंतर हे प्रकरण बंद.

भिंगरीने समजूत करून घेतली की आपलं इंग्रजी कमी पडलं. मग त्याने ते वाढवलं. त्याचं मराठी बनियनवर हिंडणारं आहे, पण इंग्रजी कोट-टाय घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. आता त्यावर त्याने ओव्हरकोटही चढवला. ग्रंथालयातला सगळ्यांत जाड शब्दकोश घरी आणला आणि घरभर फिरत, एका हातावर तो उघडा तोलून, एकेक साधा शब्द काढून तिथे चार मजली शब्द बसवू लागला. चार आठवड्यांत पेपर बावीस पानांवरून सव्वीसवर गेला. झोप गेली, जेवताना पाय हलायचा, पायामुळे टेबल हलायचं, टेबलामुळे सगळ्यांचं पाणी सांडायचं.

त्याची बायको रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. दिवसभर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणाऱ्या बाईची भाषेबद्दलची मतं साधी असतात. तिने पहिलं पान वाचलं.

“अहो, ह्यात गोगलगाय कधी येते?”

“तिसऱ्या पानावर. आधी पूर्वपीठिका आहे.”

“मी बाटलीवर आधी पूर्वपीठिका लिहिली तर पेशंट ती वाचता वाचता जाईल. तुम्हाला सापडलं काय, ते मला मराठीत सांगा.”

“गोगलगायी रेघ नसली तरी घरी येतात. सरांचं चुकलं.”

“झालं की. हेच लिहा.”

“इंग्रजीत असं लिहिता येत नाही.”

“का? इंग्रजीत शब्द नाहीत?”

भिंगरी खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. “अगं, मराठीत ते आपल्या दोघांतलं बोलणं आहे,” तो म्हणाला. “इंग्रजीत लिहिलं की खरं होईल.”

बायकोने स्टुलावर चढून शब्दकोश कपाटावर ठेवला, जिथे त्याचा हात पोचत नाही.

सहाव्या आठवड्यात पेपर परत आल्याची बातमी सरांपर्यंत गेली. कॉलेजातली कुठलीही बातमी बाहेर जायला एवढाच वेळ लागतो. सरांचा निरोप आला: ‘गुरुवारी पेपर घेऊन ये.’ शुक्रवारी मुदत संपत होती. सरांची लाल पेन्सिल एके काळी प्रसिद्ध होती. गावातले अर्धे प्रबंध त्या पेन्सिलीखालून रक्तबंबाळ होऊन गेलेले. पण आता त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. म्हणजे पेपर भिंगरीलाच मोठ्याने वाचून दाखवायचा होता. ज्यांचं चुकलं, त्यांनाच.

“बस,” सर म्हणाले.

“उभाच बरा आहे, सर.”

“मग एका जागी उभा राहा. तू हललास की आवाजही हलतो.”

तो वाचू लागला. पहिलं वाक्य सुरू झालं आणि चालतच राहिलं. मध्ये त्याने एकदा श्वास घेतला, मग दुसऱ्यांदा घेतला. सर डोळे मिटून ऐकत होते.

“क्रियापद कुठे आहे?”

“येतंय, सर.”

“कधी?”

“पुढच्या ओळीत.”

“येईपर्यंत कर्ता कोण होता ते मी विसरलो. पुन्हा वाच.”

अशी सहा पानं झाली. सरांच्या पत्नी, ज्यांना भिंगरी काकू म्हणतो, चहा ठेवून गेल्या. तो गार झाला. सातव्या पानावर सरांनी हात वर केला.

“हा लेख कशाबद्दल आहे?”

“गोगलगायींबद्दल.”

“मग मी सारखा सारखा का येतोय? मोज. आतापर्यंत माझं नाव किती वेळा आलं?”

भिंगरीने पानं उलटून मोजलं. “चौदा वेळा.”

“आणि गोगलगायी?”

“अकरा.”

“त्यांनी काय घोडं मारलंय तुझं?” सरांनी डोळे उघडले. “तू ‘थोर’ म्हणालास तीनदा. ‘पायाभूत’ दोनदा. मेलेल्या माणसाबद्दल लिहितात असं. मी काय म्हटलं होतं ते मला माहीत आहे. तुला काय सापडलं?”

इथे भिंगरी खाली बसला. काकू दारातून बघत होत्या. त्या सांगतात, की हा माणूस ह्या घरात आपणहून खुर्चीत बसलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

“बादलीतून नेल्या, सर,” तो म्हणाला. “रेघ नव्हती. तरी चारशे बारांतल्या दोनशे अडुसष्ट परत आल्या.”

सर सावरून बसले.

“हे कधी कळलं तुला?”

“तिसऱ्या वर्षी.”

“म्हणजे सहा वर्षं दर गुरुवारी इथे येऊन तू मला नुसतं ‘मोजतोय’ म्हणून सांगत होतास.”

भिंगरीने हातातली पानं सरळ केली.

“चुकलंय तुझं,” सर म्हणाले.

“कशात?”

“वाऱ्यात. रेघ नसली तरी वास असतो. बाकीच्यांच्या रेघांचा वास भिंतीकडून वाऱ्यावर मैदानापलीकडे येतो. म्हणजे शेवटी रेघच आली.”

“नाही येत, सर,” भिंगरी ताडकन उठला, “पाचव्या वर्षापासून मी रोज वाऱ्याची दिशा टिपून ठेवली आहे. वारा भिंतीकडून येत असो की भिंतीकडे जात असो, परत येणाऱ्यांचं प्रमाण तेच आहे.”

“हा तक्ता कुठे आहे? तू वाचलेल्यात नाही आला.”

“गाळला.”

“का?”

“तो सरळ तुमच्यावर येत होता.”

सरांचा चेहरा उतरला, आणि मग लाल झाला. “तुझ्याजवळ सगळ्यांत भक्कम जे होतं, ते तू माझ्यावर दया म्हणून खिशात ठेवलंस,” ते म्हणाले. “मी काय आजारी आहे? अरे, तुझ्या ह्या लेखाशी भांडायचं म्हणजे गादीला बुक्के मारण्यासारखं आहे. मला तू चुकला आहेस हे दाखवायचं आहे, पण तू काय म्हणतोस तेच कुठे सापडत नाही. मग मी बोट कशावर ठेवू?”

“सर, तुम्हाला वाईट...”

“वाटलंय. ते माझं मी बघेन. तू पहिल्या परिच्छेदात तुझं म्हणणं लिही, दुसऱ्यात ते कसं तपासलंस ते लिही, आणि माझं नाव एकदा घे. एकदा. जा आता.”

ते दारापर्यंत सोडायला आले नाहीत. नेहमी यायचे.

शुक्रवारी भिंगरीने सुट्टी टाकली. सव्वीस पानांची नऊ झाली. पहिलं वाक्य दहा शब्दांचं होतं आणि त्यात गोगलगाय होती. वाऱ्याचा तक्ता परत आला. सरांचा निष्कर्ष ह्या निरीक्षणांपुढे टिकत नाही, हे वाक्य त्याने एका बैठकीत लिहिलं, मग उठून घराला अकरा फेऱ्या मारल्या, मग येऊन त्यात ‘कदाचित’ घातलं, आणखी दोन फेऱ्या मारल्या आणि ‘कदाचित’ काढलं. बायको ड्यूटीवरून आली तेव्हा त्याने नऊ पानं तिच्यासमोर धरली. तिने चपला न काढता, उभ्यानेच वाचली.

“आता पेशंट वाचेल,” ती म्हणाली. “सरांना विचारलंत?”

“त्यांनीच सांगितलं.”

“सांगितलं वेगळं. छापून आल्यावर बघू.”

त्याने पाठवून दिला. पुढच्या गुरुवारी तो गेला तर काकूंनी दारातच सांगितलं, “झोपलेत.” संध्याकाळचे सहा वाजले होते आणि सर आयुष्यात कधी दिवसा झोपले नव्हते. त्याच्या पुढच्या गुरुवारीही झोपलेलेच होते. तिसऱ्या गुरुवारी दार उघडलं, पण बोलणं झालं ते डोळ्यांत घालायच्या थेंबांबद्दल आणि हवेबद्दल. ते दिवस भिंगरीने कसे काढले ते कॉलेजच्या फरशीला विचारा. पेपर स्वीकारल्याचं पत्र आलं तेव्हाही त्याने ते कुणाला दाखवलं नाही. आम्हाला ते प्राचार्यांकडून कळलं.

पेपर चार महिन्यांनी छापून आला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी सरांचा फोन आला. “लॅपटॉप घेऊन ये. नियतकालिकाला माझं उत्तर जाणार आहे. मला दिसत नाही आणि हिला इंग्रजी टाइप येत नाही.”

“माझ्याविरुद्धचं उत्तर मी टाइप करायचं, सर?”

“दुसरा कोण आहे?”

भिंगरी गेला. सरांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः पाठीमागे हात बांधून खोलीत फिरू लागले.

“लिही. लेखकाचा निष्कर्ष घाईचा आहे.”

भिंगरीने टाइप केलं. “पुढे?”

“पुढे, लेखकाने वाऱ्याची दिशा नोंदवली, परंतु वेग नोंदवला नाही. मंद वाऱ्यात वास सगळीकडेच पसरतो, त्यामुळे नुसत्या दिशेने काहीही सिद्ध होत नाही.”

भिंगरीची बोटं थांबली. वाऱ्याचा वेग त्याने खरंच नोंदवला नव्हता. नऊ वर्षांत एकदाही नाही. त्याने ते वाक्य शेवटपर्यंत टाइप केलं.

“सर.”

“वाद नंतर घाल.”

“वाद नाही. ही वेगाची गोष्ट पहिल्या वाक्यात घ्या. ‘घाईचा’ कोणीही म्हणेल. वेगाचं कोणी म्हटलेलं नाही.”

सर खिडकीपाशी थांबले. मग म्हणाले, “घे वर.”