फुंकणी आणि धुराड्याचे झाकण

सरूबाईंच्या घरात शिरलो तेव्हा समोरची भिंत दिसत नव्हती. चूल पेटलेली, दार सताड उघडे आणि सगळा धूर आत. नुकतीच बाळंत झालेली त्यांची लेक विमल तान्ह्या बाळाला पदराखाली घेऊन ओसरीवर बसली होती. पौषातली थंडी होती. बाळ खोकत होते.

मी पंचायत समितीत ओव्हरसिअर होतो. महाराष्ट्र राज्य नवे, पंचायत समित्या त्याहून नव्या. बिनधुराच्या चुली बांधून देणे हे आमचे एक काम. चुलीमागून भाजलेल्या मातीच्या नळ्या एकावर एक रचून धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, वर काढायच्या. हे धुराडे. सरूबाईंचे मीच बांधले होते.

चूल विझवली आणि निसणीने छपरावर चढलो. नळीच्या तोंडात गोणपाटाचा बोळा ठासलेला होता. तो ओढून काढला, खाली आलो.

"हा कोणी घातला?"

"म्याच घातला," सरूबाई म्हणाल्या. "तुमचं धुराडं धूर बाहेर नेते अन् हिव आत आणते. रातभर बाळंतिणीच्या अंगावर वारं. मंग काय करू?"

"सकाळी काढायचा होता."

"याद नाही राह्यली. आता ते धुराडंच काढून न्या साहेब."

त्यांचे म्हणणे खरे होते. चूल विझली की नळीतली हवा थंड होते. थंड हवा जड; ती खाली उतरते आणि थेट घरात येते. उन्हाळ्यात हे कोणाला कळत नाही. पौषात तान्ह्या मुलाला कळते. घर एकाच खोलीचे होते. बाज हलवायला दुसरी जागा नव्हती.

कार्यालयात बीडीओ साहेबांनी सगळे ऐकून घेतले.

"बोळे घालायला मनाई करा. दवंडी द्या."

"दवंडीने थंडी थांबत नाही, साहेब. मी झाकण बसवतो."

"आणि बाई ते उघडायला विसरली तर?"

प्रश्न रास्त होता. तो डोक्यात घेऊनच मी सरूबाईंच्या चुलीपुढे जाऊन बसलो. भिंतीच्या खुंटीला लोखंडी फुंकणी टांगलेली होती. फुंकणीवाचून चूल पेटत नाही, आणि स्वयंपाक आटोपला की ती खुंटीवर जाते. ही सवय घरात आधीपासून होती. नवी लावायची गरज नव्हती.

चिखलीच्या पत्रेवाल्याकडून बिजागरीचे झाकण करून घेतले. मागच्या बाजूस लहान दगड बांधला. त्याच्या वजनाने झाकण उघडे राही. पुढच्या कडेला तार बांधून ती धाब्यातून खाली सोडली आणि टोकाला आकडा केला. आकड्याला फुंकणी टांगली की झाकण बंद, काढली की उघडे. झाकणाला दोन बोटे जातील एवढे भोक मुद्दाम ठेवले. राखेखाली राखलेला विस्तव रात्रभर धुमसतो. त्याला वाट हवी.

सकाळी सरूबाईंनी फुंकणी काढली. वर पत्रा वाजला. नळी गार असली की धूर चढत नाही, म्हणून आधी मूठभर पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ करायला लावला. मग चूल नीट पेटली. बाळ बाजेवर झोपले होते, ते झोपूनच राहिले.

"हे बेस झालं," सरूबाई म्हणाल्या. "आता याद ठेवाचं काम त्या फुंकणीचं."

धुराडे राहिले. त्याच हिवाळ्यात गावातून तशा झाकणांची मागणी आली आणि आम्ही ती पुरवली. पुढे एका घरातून पुन्हा धुराची तक्रार आली. जाऊन पाहिले. एक फुंकणी आकड्याला टांगलेली होती; दुसरी सुनेच्या हातात.

माणसाच्या आठवणीवर यंत्र चालवू नये, हे मी तोवर शिकलो होतो. राहिलेले त्या घराने शिकवले. त्यानंतर कोठेही झाकण बसवण्याआधी मी दारातच विचारत असे, "घरात फुंकण्या किती?"