पिवळा घरात, करडी मोऱ्याला

मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं कुणी बघत नाही, असं म्हणतात. चार वर्षं दोन मांजरं सांभाळून सांगते, हे साफ खोटं आहे. मांजर डोळे उघडे ठेवून, आपल्याकडे बघत बघत दूध पितं. डोळे मिटून पिणारा प्राणी निराळा, आणि मी त्याच्याशी सत्तावीस वर्षांपूर्वी लग्न केलं.

सुकापूरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं आणि ही दोघं. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि जाताना तिचा पिवळा बोका आमच्याकडे ठेवून गेली. करडी मला आमच्याच पार्किंगमध्ये मिळाली, तळहाताएवढी, एका डोळ्याला चिकटा आलेली, डावा कान चिरलेला. दोघांनाही बाहेर सोडायचं नाही म्हणून खिडक्यांना जाळ्या बसवल्या.

पिवळा म्हणजे लग्नघरातला मामा. बेल वाजली की दारात पहिला तो. पाहुण्याच्या मांडीवर बसणार, त्याच्या बशीतला चिवडा हुंगणार, पेपर उघडला की बरोबर अग्रलेखावर अंग टाकणार. आल्यागेल्याने कौतुक करायचं ते त्याचंच. करडी बेल वाजली की माळ्यावर, बॅगांच्या मागे. पाहुणे जाऊन तासभर झाला तरी उतरायची नाही. दुपारी मी शाळेतून येऊन आडवी झाले आणि पिवळा गाढ झोपलेला असला, की ती आवाज न करता यायची आणि माझ्या गुडघ्यांमागे मुटकुळं करून बसायची. दुसऱ्या कुणाकडे ती गेली नाही. नवऱ्याने चार वर्षांत तिची शेपटी तेवढी पाहिली असेल. मला याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. जगात एक जीव असा होता ज्याला फक्त मी चालत होते.

तिचा एकच दोष. बाथरूममधला वाळूचा ट्रे सोडून ती भलतीकडे शू करायची. पायपुसण्यावर, इस्त्रीच्या कपड्यांवर, आणि शेवटी नव्या सोफ्यावर. सोफा नवऱ्याने हौसेने बनवून घेतला होता. त्याने उशी नाकाशी नेली आणि म्हणाला, "हिचं काहीतरी कर, नाहीतर मी करतो." मी म्हटलं, "घाबरट आहे रे ती, समजून घे." विषय तिथे संपला असं मी समजले.

गेल्या वर्षी बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी चार दिवस पुण्याला गेले. परत आले तर दारात पिवळा, त्याच्या मागे नवरा, आणि करडी नाही. नवरा म्हणाला, "अगं, सिलिंडरवाला आला तेव्हा दार उघडं राहिलं. गेली पळून."

मी पर्स टाकली आणि तशीच खाली धावले. पुढचे तीन दिवस आम्ही दोघांनी ती शोधली. हो, दोघांनी. सकाळी कामावर जायच्या आधी तोही माझ्याबरोबर पार्किंगमध्ये यायचा, गुडघे दुखतात तरी गाडीखाली वाकायचा आणि तिला हाक मारायचा. मी रडले तर पाठीवरून हात फिरवायचा. मी तिचे फोटो छापून आणले, ते त्याने स्वतः तीन बिल्डिंगमध्ये चिकटवले. वॉचमनला वर पन्नास रुपये दिले, लक्ष ठेव म्हणून. मला वाटलं, माणूस तोंडाने कडू आहे पण आतून बरा आहे.

डोक्यात मात्र एक गोष्ट टोचत होती. बेल वाजल्यावर माळ्यावर जाणारी मांजर सिलिंडरवाल्याच्या अंगावरून दाराबाहेर जाईल कशी? पिवळा गेला असता तर मी एका शब्दाने विचारलं नसतं.

चौथ्या दिवशी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले, तर कोपऱ्यात मांजरांना डॉक्टरकडे न्यायची बास्केट उलटी करून ठेवलेली. स्वच्छ. साबणाने घासून धुतलेली, जाळीच्या फटीसुद्धा. ज्या माणसाने सव्वीस वर्षांत स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, त्याने बास्केट धुतली होती.

बास्केट घेऊन मी त्याच्यासमोर उभी राहिले. काही विचारायची गरज पडली नाही. तो टीव्हीकडे बघत म्हणाला, "उरणजवळ मोऱ्याला सोडली. जेटीवर. तळोज्याला आमच्या कंपनीत उरणचा एक जण आहे, तो म्हणाला, मासळीच्या जागी मांजर उपाशी मरत नाही. सगळे तिथेच सोडतात. मी काय तिला मारलं का?"

"आणि ते शोधणं?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. सोडली, याचा राग आलाच. पण त्याहून जास्त संताप त्या हाका मारण्याचा आला. ती तीस किलोमीटरवर आहे हे माहीत असताना हा माणूस गाडीखाली वाकून लाडाने हाका मारत होता, आणि मी त्याच्या गुडघ्यांना संध्याकाळी तेल लावून देत होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. बास्केट घेतली, उरणची एसटी पकडली, तिथून रिक्षाने मोऱ्याला. रस्ताभर एकच डोक्यात होतं, की ती जिवंत असू दे. बेलच्या आवाजाला भिणारी ती, होड्यांच्या इंजिनांसमोर, कुत्र्यांसमोर काय करेल? मी तर तिचं मेलेलं अंगही मनात उचलून ठेवलं होतं.

जेटीच्या अलीकडे ताडपत्रीखाली एक म्हातारी जवळा निवडत बसली होती. मला इकडेतिकडे वाकून बघताना पाहून तिने विचारलं, "कोनाला बगतेस गो बाय?"

मी फोनवरचा फोटो दाखवला. तिने फोटोकडे नीट पाहिलंही नाही. पाठीमागच्या टोपलीकडे हनुवटी केली. "ही? तुजी हाय का ही?"

टोपलीच्या काठावर करडी बसली होती. उजेडात, चार माणसांत, पंजा चाटत. दोन हातांवरून एक कुत्रा गेला, तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पंजा चाटायला लागली. मला क्षणभर वाटलं, ही दुसरीच मांजर आहे. पण डाव्या कानाची चीर तीच होती.

म्हातारी सांगत होती, "एक बाबा आला, डबा उगडला नि गेला. मागं वळून बी नाय बगितलं. दोन दिस त्या जाळ्याखाली लपली व्हती. मंग मीच बोंबलाचा तुकडा टाकला. आता हाकलली तरी नाय जात."

"घाण करते का हो कुठे?" मी का विचारलं, कोण जाणे.

"नाय गो. तिकडं रेतीत जाते, उकरते, झाकते. मानसापरीस बरी हाय."

"आणि इथली बाकीची मांजरं? मारत नाहीत तिला?"

"कोन कोनाच्या वाटेला नाय जात. जागा हाय ना भरपूर."

मी तिला हाक मारली. तिने ओळखलं. उतरून आली, माझ्या हाताला नाक लावलं, घोट्याला एकदा अंग घासलं. मग बास्केट दिसली, तशी मागे वळली आणि म्हातारीच्या मांडीवर जाऊन बसली. माझ्याच मांजरीने, माझ्या डोळ्यांदेखत. ओळख विसरली असती तर परवडलं असतं.

"नेतेस तं ने," म्हातारी म्हणाली. "माजी काय नाय ती."

नेऊ शकत होते. मानगूट धरायची, आत टाकायची, झाकण लावायचं, एवढंच. पण "जागा हाय ना भरपूर" हे माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या बाथरूमच्या दारात दिवसभर कोण पसरलेलं असायचं? पिवळा. आम्ही हसायचो, रखवालदार बसलाय म्हणायचो, मुलीला फोटो पाठवायचो. ट्रे आत होता आणि त्याला ओलांडल्याशिवाय करडीला आत जाता येत नव्हतं. डॉक्टरांनी एकदा सांगितलंही होतं, दोघांचे ट्रे वेगवेगळ्या जागी ठेवा. टू बीएचकेमध्ये जागा कुठे, म्हणून मी ते कानाआड केलं. बिचारी घाबरट नव्हतीच. चार वर्षं माळ्यावर अडकून पडली होती, आणि ती दुपारी माझ्याकडे यायची ते तेवढा वेळ पिवळा झोपलेला असायचा म्हणून. ते प्रेम माझं एकटीचं आहे समजून मी मिरवत होते. मला रडू आलं, ते तिथेच म्हातारीसमोर रडले. तिने पाण्याची बाटली पुढे केली आणि जवळा निवडत राहिली.

रिकामी बास्केट घेऊन मी परत आले. नवरा दार उघडून उभाच होता. बास्केटमध्ये डोकावला. "मिळाली नाही?"

खरं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बघ, मी सांगत होतो ना. छाती फुगवून सोफ्यावर बसला असता. मी म्हटलं, "पहिल्याच रात्री कुत्र्यांनी फाडली. तिथल्या बाईने पाहिलं."

तो मटकन खाली बसला. पिवळा त्याच्या मांडीवर चढायला लागला, तर त्याने त्याला बाजूला ढकललं. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. मी दोन पोळ्या खाल्ल्या, वर दहीभात.

याला आता वर्ष होत आलं. महिन्यातून एका शनिवारी शाळेचं काम सांगून मी मोऱ्याला जाते. ती कधी जवळ येते, कधी येत नाही. तो मात्र अजून कधीकधी जेवता जेवता थांबतो आणि विचारतो, "तिला फार त्रास झाला असेल का गं?"

मी त्याच्या ताटात भात वाढते आणि म्हणते, "झाला असेल."